सर्व्हर बंद म्हणजे नेमके काय बंद?

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत आता इतके रुळले आहे की, त्याचा अर्थ विचारण्याची कोणाला गरज वाटत नाही. भोर तालुक्यातील आंबवड्याचा शेतकरी सातबाऱ्यासाठी गेला, त्याची मुलगी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेली किंवा त्याची म्हातारी आई रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा टेकवायला गेली, तरी तिघांनाही हे एकच उत्तर मिळू शकते. पूर्वी कचेरीत ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ असे सांगत. त्या उत्तरात निदान एक साहेब होता, त्याचा दौरा होता, दौऱ्याची डायरी होती आणि ती खोटी ठरवण्याची सोय होती. नव्या वाक्याला कर्ताच नाही. पाऊस पडतो, भूकंप होतो, तसा सर्व्हर डाऊन होतो. राज्यकारभाराच्या भाषेतून कर्ता नाहीसा झाला की जबाबदारीही नाहीशी होते, आणि म्हणूनच या दोन शब्दांची चिकित्सा हे केवळ यंत्रज्ञांचे काम राहत नाही.

या वाक्याची किंमत कोण भरतो, हे आधी पाहिले पाहिजे. आंबवड्याहून भोरला जायचे म्हणजे एस.टी.चे भाडे आले आणि दिवसाची मजुरी बुडाली. भाताच्या लावणीच्या दिवसांत बुडालेला एक दिवस हा एक दिवस नसतो. चिखलणी झालेले खाचर आणि जमवलेली माणसे दुसऱ्या दिवसासाठी थांबत नाहीत. हा खर्च शासनाच्या कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, कंत्राटदाराच्या बिलातून तो वजा होत नाही आणि कोणत्याही अहवालात त्याला शीर्षक नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर, सेवा पुरवणाऱ्याने आपला खर्च सेवा घेणाऱ्याच्या अंगावर ढकलला आहे, आणि ढकलल्याची नोंदही ठेवलेली नाही.

आता प्रश्न असा की, सर्व्हर बंद म्हणजे नेमके काय बंद? सर्व्हर म्हणजे कुठल्यातरी माहिती केंद्रात ठेवलेला एक संगणक. जगातील बहुसंख्य सर्व्हर आज युनिक्स किंवा तिच्या वंशातील लिनक्स या प्रणालीवर चालतात. हा संगणक ज्या जोडणीने बाहेरच्या जाळ्याशी बोलतो तिला इंटरफेस म्हणतात. इंटरफेस म्हणजे त्या यंत्राचे दार. या दाराला एक आकडी पत्ता असतो आणि यंत्राला एक नाव असते. दार, पत्ता, नाव आणि बाहेर जाण्याचा रस्ता या चारांपैकी एक जरी चुकले, तरी यंत्र आतून धडधाकट असूनही बाहेरच्या माणसाला ते मेल्यासारखेच भासते. ‘सर्व्हर डाऊन’ म्हटल्या जाणाऱ्या प्रसंगांतील अनेक प्रसंग हे यंत्राच्या मृत्यूचे नसून दार, पत्ता किंवा नाव यांतील चुकीचे असतात. ही चूक शोधण्यास शास्त्रज्ञ लागत नाही. वाचता येणारा आणि वाचलेले लिहून ठेवणारा कर्मचारी पुरतो.

युनिक्समध्ये इंटरफेसची स्थिती विचारण्याची जुनी आज्ञा ‘आयएफकॉन्फिग’ ही आहे. लिनक्सवर आता तिची जागा ‘आयपी’ या आज्ञेने घेतली आहे. आज्ञा दिली की प्रत्येक दाराचा पत्ता आणि त्याची अवस्था पडद्यावर उमटते. त्या अवस्थेत दोन वेगळे शेरे असतात आणि त्यांतील फरक कार्यकर्त्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे. ‘अप’ या शेऱ्याचा अर्थ एवढाच की, हे दार उघडे ठेवण्याचा हुकूम झालेला आहे. तारेत खरोखर जीव आहे की नाही, हे सांगणारा शेरा निराळा असतो. आयएफकॉन्फिगमध्ये तो ‘रनिंग’ या शब्दाने येतो, नव्या आज्ञेत ‘लोअर अप’ या शब्दांनी. केबल उपटलेली असली तरी पहिला शेरा कायम राहू शकतो. हुकूम निघाला म्हणजे काम झाले असे मानणाऱ्या शासनयंत्रणेला हा फरक कोणी शिकवावा? यंत्र बिचारे तो प्रामाणिकपणे दाखवत असते.

त्याहून फसवी चूक जाळ्याच्या मुखवट्याची, म्हणजे नेटमास्कची. पत्त्यातील कोणता भाग आपल्या वाड्याचा आणि कोणता परगावचा, हे यंत्राला मुखवट्यावरून कळते. उदाहरणादाखल समजा, सर्व्हरचा पत्ता १०.२०.५.१२ असून भोरच्या कचेरीतील संगणक १०.२०.९ या मालिकेत आहेत. मुखवटा २५५.२५५.२५५.० असा हवा होता, पण लिहिणाऱ्याने २५५.२५५.०.० असा लिहिला. आता सर्व्हर असे समजतो की भोर आपल्याच वाड्यात आहे. त्यामुळे भोरसाठीचे उत्तर बाहेर नेणाऱ्या वाटाड्या यंत्राकडे, म्हणजे गेटवेकडे, न देता तो वाड्यातच हाक मारत राहतो. हाकेला ओ मिळत नाही. परिणाम असा की भोरच्या कचेरीत सर्व्हर बंद असतो, वेगळ्या मालिकेतील दुसऱ्या तालुक्यात तो चालू असतो, आणि सर्व्हरच्या शेजारी बसलेल्या यंत्रज्ञाला तर तो अगदी ठणठणीत दिसतो. भोरहून तक्रार गेली की तो खऱ्याखुऱ्या विश्वासाने सांगतो, “आमच्याकडे चालू आहे, तुमचेच काहीतरी बिघडले असेल.” अशा प्रसंगी दोघेही खोटे बोलत नाहीत. एका आकड्याची पडताळणी कोणी केली नाही, एवढेच झालेले असते, आणि आंबवड्याचा माणूस मात्र रिकाम्या हाताने एस.टी.त बसतो.

तिसरा प्रकार सकाळी दहाला चालणाऱ्या आणि अकराला बसणाऱ्या सर्व्हरचा. याचे कारण खरोखरच गर्दी असू शकते. परंतु पुष्कळदा तारेच्या एका टोकाला दोन्ही दिशांनी एकदम बोलण्याची मुभा असते आणि दुसऱ्या टोकाला एका वेळी एकाच दिशेने बोलण्याचा दंडक असतो. वर्दळ कमी असताना हा विसंवाद जाणवत नाही. वर्दळ वाढली की संदेश एकमेकांवर आदळतात, फुटतात आणि पुन्हा पुन्हा पाठवावे लागतात. ‘नेटस्टॅट’ या आज्ञेत प्रत्येक दारातून किती संदेश आले, किती गेले, किती फुटले आणि किती टाकून दिले, याचे आकडे मिळतात. फुटलेल्यांचा आकडा तासातासाला वाढत असेल, तर दोष गर्दीचा नसून जोडणीचा असण्याचा संभव मोठा आहे. आकडे यंत्रात आपोआप जमा होत असतात. ते उतरवून घेणारा कोणी नसेल तर नवे, अधिक महागडे यंत्र खरेदी करण्याचा प्रस्ताव मात्र तत्परतेने तयार होतो!

नावाच्या बाबतीतला घोटाळा सर्वांत विनोदी म्हणावा लागेल. युनिक्समध्ये ‘होस्ट्स’ नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. कोणत्या नावाचा पत्ता कोणता, हे तीत ओळीने लिहिलेले असते. प्रत्येक यंत्राला स्वतःशी बोलण्यासाठी १२७.०.०.१ असा एक अंतर्गत पत्ताही असतो. प्रणाली बसवताना यंत्राचे सार्वजनिक नाव चुकून या अंतर्गत पत्त्यासमोर लिहिले गेले आणि सेवा त्या नावावर सुरू झाली, तर ती सेवा फक्त स्वतःचीच हाक ऐकू लागते. यंत्र चालू, सेवा चालू, आतून घेतलेली प्रत्येक चाचणी यशस्वी, आणि बाहेरच्या एकाही माणसाला उत्तर नाही. आपल्याकडील काही सरकारी खात्यांचा कारभार असाच चालतो असे कोणी म्हटल्यास त्याला दोष देता येणार नाही. शिवाय, ही फाइल आधी पाहायची की जाळ्यावरील नामसूचीला आधी विचारायचे, याचा क्रम दुसऱ्या एका फाइलीत ठरलेला असतो. सर्वसाधारणपणे घरची फाइल आधी वाचली जाते. सर्व्हर एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात हलवला, नामसूची सुधारली, परंतु घरच्या फाइलीतील जुनी ओळ तशीच राहिली, तर त्याच्याशी बोलणारे यंत्र महिनोन्महिने ओस पडलेल्या पत्त्यावर चकरा मारीत राहते.

मात्र या सर्वांवर ताण करणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती समजावून घेण्यास शेतकऱ्याला संगणकाचे शिक्षण लागणार नाही. सातबारा हे एका कागदाचे नाव असले तरी ते दोन नमुने आहेत. गाव नमुना सातमध्ये जमिनीवरील हक्क असतो आणि गाव नमुना बारामध्ये प्रत्यक्ष पीक. हक्काचा कागद काय म्हणतो आणि शेतात काय उभे आहे, या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी असल्या पाहिजेत, आणि दुसरीसाठी कोणीतरी बांधावर जाऊन पाहिले पाहिजे, ही जमीन महसुलाच्या व्यवस्थेची जुनी शहाणीव आहे. पीकपाहणी ती हीच. युनिक्स सर्व्हरलाही असेच सात आणि बारा असतात. कायमच्या मांडणीच्या फाइली म्हणजे त्याचा सात. या क्षणी इंटरफेस प्रत्यक्षात कोणत्या पत्त्यावर व कोणत्या मुखवट्याने चालला आहे, तो त्याचा बारा. आज्ञेने हातोहात केलेला बदल बाराला लागतो, पण सातला लागत नाही. एखाद्या रात्री कोणा यंत्रज्ञाने घाईने पत्ता दुरुस्त केला, सेवा सुरू झाली, सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि फाइलीत काही लिहिले गेले नाही, तर पुढे केव्हाही यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाले की ते जुन्या सातप्रमाणे उठते. दुरुस्ती नाहीशी होते. ती कोणी केली होती, काय केली होती, हे सांगणारा यंत्रज्ञ एव्हाना दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीकपाहणी सुरू झाली आणि आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करावी, असे ठरले. ज्या सर्व्हरवर ही नोंद जाते त्याची पीकपाहणी कोण करतो, हे विचारण्याचा अधिकार त्या शेतकऱ्याला निश्चितच आहे.

वर सांगितलेल्या सर्व आज्ञा केवळ पाहण्याच्या आहेत. त्यांनी यंत्रात काही बदलत नाही, आणि त्यांतील बहुतेक देण्यास व्यवस्थापकाचा विशेष अधिकारही लागत नाही. एका सर्व्हरची अशी पाहणी सरावाच्या माणसाला दहा-पंधरा मिनिटांत करता येते. मग ती नियमाने होऊन तिची नोंद लोकांसमोर का येत नाही? याचे उत्तर तंत्रात नाही, तंत्राच्या मालकीत आहे.

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. तिची मालक दूरध्वनी कंपनी सरकारशी १९५६ साली झालेल्या तडजोडीमुळे संगणकाच्या धंद्यात उतरू शकत नव्हती. त्यामुळे ही प्रणाली विद्यापीठांना अल्प मोलाने मिळाली, विद्यार्थ्यांनी ती वाचली, सुधारली आणि वाटली. जाळ्याशी बोलण्याची जी व्यवस्था तिच्यात १९८३ साली रूढ झाली, ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत सार्वजनिक पैशावर तयार झालेली होती. त्याआधी तर साऱ्या जाळ्यातील यंत्रांची नावे व पत्ते यांची एकच फाइल स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई, आणि प्रत्येक यंत्राचा चालक तिची प्रत उतरवून घेई. गावच्या चावडीवर टांगलेल्या यादीसारखीच ती होती. आज प्रत्येक सर्व्हरवर असलेली ‘होस्ट्स’ फाइल हा त्या सामायिक यादीचा अवशेष आहे. ज्ञान सामायिक होते. त्याला कुंपण पुढे पडले.

भारतातही या गोष्टीचा एक धडा होऊन गेला आहे. परकीय चलन नियमन कायद्याखाली भारतीय भागीदारी वाढवण्यास आयबीएमने नकार दिला आणि १९७८ साली ती कंपनी देश सोडून गेली. तेव्हा उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस होते. या घटनेची आठवण आजही पुष्कळदा कुचेष्टेने काढली जाते. परंतु मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल कोणी केली, हे सांगितले जात नाही. ती केली १९७५ साली स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सार्वजनिक कंपनीने. नावातच देखभाल होती. दुसऱ्याने बनवलेले यंत्र उघडून पाहणे, समजून घेणे आणि चालू ठेवणे, ही सार्वजनिक जबाबदारी मानली गेली होती. रेल्वेच्या आरक्षणाची संगणकीय व्यवस्था १९८०च्या दशकात याच कंपनीने उभी केली. २००१ साली तिचे ५१ टक्के भागभांडवल टाटा समूहाला विकण्यात आले. विक्री योग्य होती की अयोग्य, हा वाद क्षणभर बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरतेच. देखभाल हे सरकारचे स्वतःचे कौशल्य असावे, ही कल्पना त्यानंतर कोणी गंभीरपणे मांडलेली दिसत नाही. सरकार यंत्रे घेते, जोडण्या घेते, माणसेही कंत्राटाने घेते. पाहणी कोणी करायची, हे कंत्राटातील कलमावर सोडून देते.

कलमात सामान्यतः टक्केवारी असते. यंत्र वर्षातील ९९ टक्के वेळ चालू राहील, असे एखाद्या करारात म्हटले आहे असे धरू. ऐकायला हा आकडा भरघोस वाटतो. वर्षाचे तास ८,७६०. त्यांचा एक टक्का म्हणजे सुमारे ८८ तास. कचेरीचा दिवस आठ तासांचा धरला, आणि हे सारे तास कचेरीच्या वेळात पडले, तर ११ दिवस काम बंद राहूनही करार पाळला गेला असे म्हणता येते. शिवाय चालू असणे मोजायचे कोठून? माहिती केंद्राच्या खोलीतून मोजले, तर मुखवट्याची ती चूक आणि स्वतःशीच बोलणारी ती सेवा, दोन्ही शंभर टक्के चालू म्हणूनच नोंदल्या जातील. मोजमाप भोरच्या खिडकीतून झाले पाहिजे. सेवेचे माप तिचा उपयोग करणाऱ्याच्या बाजूने घ्यावे, हे अर्थशास्त्रातील काही फार गहन तत्त्व नव्हे.

यावर सुरक्षिततेचा आक्षेप घेतला जाईल. सर्व्हरचे पत्ते आणि मांडणी जाहीर केली तर घातपात करणाऱ्याचे फावेल, असे म्हटले जाईल. आक्षेप खोटा नाही. पण पत्ते जाहीर करा असे कोणीच म्हणत नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यात पुलांची पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पाहणी करण्याची पद्धत आहे. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूल वाहून गेला, तेव्हा ही पाहणी कोणी व केव्हा केली होती, असे सर्वांनी विचारले. पुलाचे नकाशे कोणी मागितले नाहीत. आंबवड्यात संस्थानी काळातला झुलता पूल आहे. त्यावरून जाणाऱ्याला लोखंडी दोराची जाडी ठाऊक असण्याची गरज नाही, पण दोर कोणी अलीकडे तपासला आहे का, हे ठाऊक असण्याचा त्याला हक्क आहे. सर्व्हरच्या बाबतीतही तारीख, वेळ, पाहणी करणाऱ्याचे पद, लिहिलेली मांडणी व चालू मांडणी जुळली की नाही, आणि न जुळल्यास काय केले, एवढे जाहीर झाले तरी पुरे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ सालच्या कायद्यातील चौथे कलम, कोणी मागण्याची वाट न पाहता माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन घालते, ते अशाच गोष्टींसाठी.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. ठरलेल्या मुदतीत सेवा न देणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. पण मुदत सर्व्हरमुळे टळली, तर अपील ऐकणाऱ्यापुढे पुरावा कोणता? पाहणीची नोंदवही नसेल, तर एक तर तालुक्याचा कर्मचारी नाहक दंड भरेल किंवा ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून सगळेच सुटतील. नोंदवहीची मागणी म्हणूनच शासकीय कर्मचाऱ्यांच्या संघटनांनीही करावयास हवी. खिडकीवर लोकांच्या शिव्या खाणारा कारकून आणि खिडकीबाहेरचा शेतकरी या बाबतीत एकाच बाजूला आहेत. तालुक्याच्या प्रत्येक कचेरीत ही पाहणी वाचू शकणारा किमान एक कायम कर्मचारी असणे आणि बिघाडाच्या दिवशी केंद्रातील नोंद पाहण्याचा त्याला अधिकार असणे, ही मागणी काही अवाजवी नाही.

कायदा आणि कचेरी हलेपर्यंत कार्यकर्त्यांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. आंबवड्यासारख्या गावात एक साधी वही घालता येईल. तारीख, वेळ, कोणती सेवा, त्याच वेळी दुसरे एखादे संकेतस्थळ उघडत होते का, शेजारच्या गावात काय स्थिती होती, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पडद्यावर नेमके कोणते शब्द उमटले, हे तीत लिहावे. दुसरे काहीच उघडत नसेल, तर दोष गावच्या जोडणीत आहे, आणि तक्रार भारतनेटच्या तारेची किंवा मोबाइल कंपनीची करावी लागेल. नाव सापडले नाही असे शब्द आले, तर बहुधा नावाच्या नोंदीत घोळ आहे. बराच वेळ थांबून मुदत संपल्याचा संदेश आला, तर रस्ता, मुखवटा किंवा तार यांपैकी काहीतरी संशयास्पद आहे. आणि जोडणी नाकारली असा संदेश तत्काळ आला, तर बहुधा यंत्र जिवंत आहे, तारही जिवंत आहे, फक्त त्या दाराशी सेवा ऐकत बसलेली नाही. त्या दिवशी खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन’ अशी पाटी लागली असेल, तर त्या पाटीचे आणि पडद्याचे छायाचित्र वहीतील नोंदीला जोडून तहसीलदारांकडे पोच घेऊन द्यावे.